कुंद्याच्या डब्यात

कॅम्पातून आणलेला किलोचा कुंद्याचा डबा.
तीनदा घासलो, तरी झाकणाच्या कडेला
तूप आहेच.

(हो, घासलो. वडगावात आम्ही बायकाही
आलो, गेलो, जेवलो म्हणतो.
पुण्याची मावसबहीण फोनवर हसते,
मग आणखी दोनदा म्हणतो.)

बोर्ड पत्त्यांच्या कॅटाएवढा.
खाली सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे,
पत्र्याला टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून.
हवेला भोकं पाहिजेत.
अप्पांचा पंच पुठ्ठ्यापुरता, पत्र्यावर बोथटला असता,
म्हणून त्यांनीच कधीतरी पाडलेलं मागाचं एक कार्ड
झाकणावर दाबून
भोकाभोकातून खिळा ठोकलो.
अप्पा बाजेवरून म्हणाले, "कुठलं घेतलास गं?"
"आंब्याचं. एकशे चौदावं."
"मग आंबा नाही दिसायचा.
एका कार्डात एकच धागा."
आणि सुपारीकडे वळले.

पहिला सर्व्हर अकरा दिवस जगला.
बाराव्या दिवशी लाइट गेली, आली, गेली,
आणि मेमरी कार्ड उघडेना.
मागावर धागा तुटला तर माग थांबतो,
विणलेलं कापड परत सूत होत नाही.
इथं झालं.
दुसऱ्या वेळी जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क लावलो,
राऊटरच्या यूपीएसवर डबा टाकलो,
आणि एक नक्कल दर रविवारी
पलीकडच्या गल्लीत भारमव्वाच्या कपाटात,
तिच्या पासबुकांखाली.
तिनं एकदाच विचारलं, "सोनं काय?"

मग यंत्रानं स्वतःचं नाव विचारलं.
'माग' लिहिलो. घेतलं नाही.
कन्नडात लिहून बघितलो. घेतलं नाही.
पाट्यांवरून या गावात एवढं होतं,
आणि इथं दोघी एकदम नापास,
तिसरीचीच अक्षरं आत.
त्या रात्री मी एकटाच हसलो,
एकटीच म्हणा हवं तर.

बाहेरून कुणाला यायचं तर पत्ता पाहिजे.
फायबरवाला मंजुनाथ शिडीवरूनच म्हणाला,
"पब्लिक ऐपी सिगूदिल्ल्री, अक्का."
म्हणजे तीनशे घरांना मिळून
बाहेर एकच पत्ता,
तोही हुबळीचा दाखवतो.
मला नवल वाटलं नाही.
आपण कुठं राहतो ते दुसऱ्यानं लिहायचं,
याची सवय आहे आम्हाला.

बाहेरून दार नाही, तर आतून बोगदा काढलो.
तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री
इचलकरंजीत भावानं मोबाईल उघडला
आणि अप्पांची कार्डं उतरायला लागली,
दोन हजार सहाशे बारा,
भोक, भोक नाही, भोक, भोक,
खिडकीच्या उजेडावर धरून काढलेली,
काहींत माझा अंगठा.
माग भंगारात गेला त्याला चार वर्षं झाली.
बिडाचा भाव वेगळा लावला होता, पत्र्याचा वेगळा,
लाकडाचं काही धरलं नाही.
भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"सातशे नव्वद उलटं धरलास."

डब्यातला हिरवा दिवा रात्री
त्या भोकांतून छतावर पडतो.
एक धागा. पुढचा कधी येत नाही.

चालू झालं की पहिली ओळ कुठली पाठवायची
ते आपण ठरवायचं असतं.
मी लिहिलो: आलो.
ही मात्र घेतली.

काल लाइट तासभर गेली, यूपीएसही दमलं.
तीन वाजता मोबाईल उजळला.
आलो.
अप्पा जागेच होते. "कोण आलं?"
"डबा."
थोडा वेळ काही नाही.
मग अंधारातूनच,
"शिल्लक आहे काय त्यात?"